संवादिनीचा वाचक

अकोल्याचे कृषी विद्यापीठ लोकांना ठाऊक आहे ते बियाण्यासाठी, खरीप उभा असताना निघणाऱ्या शिवार फेरीसाठी आणि डिसेंबरअखेर डॉ. पंजाबराव देशमुखांच्या जयंतीच्या सुमारास भरणाऱ्या ॲग्रोटेक प्रदर्शनासाठी. ही संस्था पन्नासहून अधिक वर्षे एक प्रकाशनगृहही चालवते आहे, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. कृषी संवादिनी, कृषी पत्रिका, इंग्रजीतले संशोधन-नियतकालिक, पिकांवरच्या पुस्तिका, घडीपत्रिका, प्रबंध... या सगळ्याला ‘प्रकाशने’ म्हणून एक विभाग असतो आणि अहवालात एक परिच्छेद मिळतो. वाण, यंत्रे आणि इमारती यांच्यावर इतरत्र पुष्कळ लिहिले गेले आहे. इथे फक्त छापील शब्दाचा इतिहास सांगायचा आहे, आणि त्यातही मुख्यतः तो शब्द वाचणाऱ्याचा.

वऱ्हाडच्या शेतीवर लिहिण्याची सुरुवात विद्यापीठाच्या शंभर वर्षे आधीची आहे. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला, आणि 1860 च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे लँकशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, तेव्हा इथल्या काळ्या मातीवर अहवालांचा पाऊस पडला. रिव्हेट-कार्नॅक या कापूस आयुक्ताने लिहिले, 1870 मध्ये लायल यांचे वऱ्हाडचे गॅझेटियर निघाले, पुढे 1910-11 च्या सुमारास अकोला आणि अमरावती जिल्ह्यांची स्वतंत्र गॅझेटियर आली. माहिती भरपूर, बारीक आणि बहुतेक खरी. तिचा वाचक मात्र मँचेस्टरला, मुंबईला किंवा कलेक्टर कचेरीत बसलेला. ज्याच्या वावराबद्दल हे लिहिले होते त्याला त्यातले काही कळवायचे आहे असे लिहिणाऱ्यांच्या मनातही नव्हते. कारंजा लाडला 1886 मध्येच नियंत्रित कापूस बाजार उभा राहिला. म्हणजे भाव उघड करण्याची सोय आपल्याकडे लवकर झाली, ज्ञान उघड करण्याची उशिरा.

ज्यांचे नाव विद्यापीठाला आहे ते डॉ. पंजाबराव देशमुख मूळचे अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे, जन्म 27 डिसेंबर 1898 चा. ऑक्सफर्डला त्यांनी डॉक्टरेट मिळवली ती वेदवाङ्मयातल्या धर्माच्या उगम-विकासावर. शेतकऱ्याच्या या पुढाऱ्याचा प्रबंध वेदांवर होता, हे मला नेहमी गमतीचे वाटते. अमरावतीला शिवाजी शिक्षण संस्था, मग 1952 ते 1962 केंद्रातले कृषिमंत्रिपद, आणि 10 एप्रिल 1965 ला मृत्यू. विदर्भाचे कृषी विद्यापीठ त्यांनी पाहिले नाही. पंतनगरला 1960 मध्ये देशातले पहिले कृषी विद्यापीठ निघाले, महाराष्ट्रात 1968 मध्ये राहुरीचे. अकोल्यालाही ते व्हावे म्हणून विदर्भात आंदोलन झाले, त्यात माणसे गेली, आणि 20 ऑक्टोबर 1969 रोजी पंजाबराव कृषी विद्यापीठ स्थापन झाले. अकोल्याचे कृषी महाविद्यालय तोवर चौदा वर्षांचे होते आणि नागपूरचे तर 1906 पासूनचे. नावात ‘डॉ.’ आणि ‘देशमुख’ नंतर जोडले गेले. वाणांच्या नावांत हा बदल गोठून राहिला आहे: जुने ते ‘पीकेव्ही’, नवे ते ‘पीडीकेव्ही’.

या विद्यापीठांचा नमुना अमेरिकेतला, शिक्षण-संशोधन-विस्तार या तीन कामांचा. विस्तार म्हणजे प्रयोगशाळेतले वावरापर्यंत नेणे. त्यासाठी छपाई आलीच. अकोल्याने ती सुरुवातीपासून दोन भाषांत वाटून घेतली. संशोधकांनी संशोधकांसाठी लिहायचे ते इंग्रजीत, ‘पीकेव्ही रिसर्च जर्नल’मध्ये. शेतकऱ्यासाठी लिहायचे ते मराठीत, ‘कृषी पत्रिका’ या मासिकात आणि दरवर्षी नव्याने निघणाऱ्या ‘कृषी संवादिनी’त. राहुरीची ‘कृषिदर्शनी’ आणि परभणीचे ‘शेतीभाती’ ही त्यांचीच भावंडे. संवादिनी हा प्रकार मोठा मजेदार आहे. रोजनिशीही तीच आणि संदर्भग्रंथही तोच. मागच्या पानांवर दूरध्वनी, पुढच्या पानांवर पिके, मधे कुठेतरी जनावरांचे लसीकरण. कृषी खात्याच्या परीक्षांना बसणारी पोरे ती पाठ करतात, आणि ज्यांच्या घरी गुंठाभर जमीन नाही अशांच्या खोलीतही ती सापडते.

या पुस्तकातली एक ओळ कशी तयार होते हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. समजा, तुरीच्या एखाद्या वाणासाठी दोन ओळींतले अंतर अमुक ठेवावे अशी ओळ आहे. तिच्यामागे कुणा शास्त्रज्ञाचा प्रयोग असतो, बहुधा तीन हंगामांचा, कारण एका वर्षाच्या पावसावर विश्वास ठेवता येत नाही. नंतर तो वेगवेगळ्या केंद्रांवर करून पाहायचा. मग विभागाच्या बैठकीत आकडे मांडायचे, तिथे सहकारी त्यातली भोके शोधतात. तिथून तो राज्याच्या संयुक्त कृषी संशोधन आणि विकास समितीपुढे जातो. ही ‘जॉइंट ॲग्रेस्को’ दरवर्षी चार विद्यापीठांपैकी कुणाकडे तरी भरते. अकोल्याच्या शास्त्रज्ञाने मांडलेल्या शिफारशीवर दापोली, राहुरी, परभणीची माणसे प्रश्न विचारतात, कधी शब्द बदलायला लावतात, कधी आणखी एक वर्ष थांबा म्हणतात. तिथून सुटली की ती ‘शिफारस’. तेव्हा कुठे ती संवादिनीत येते, एका ओळीत, कुणाचेही नाव न लावता.

ही पद्धत संथ आहे. प्रयोगाच्या पहिल्या पेरणीपासून छापील ओळीपर्यंत पाच वर्षे सहज जातात. वऱ्हाडातला शेतकरी यावरून विद्यापीठाला हसतो, आणि त्याच्या जागी मीही हसलो असतो. पण शेतीवर रोज जे छापले आणि पाठवले जाते त्यात तीन हंगाम तपासलेले वाक्य फार थोडे असते. विद्यापीठाच्या प्रकाशनांचे भांडवल काय, असे कुणी विचारले तर मी या बैठकीतल्या कंटाळवाण्या दुपारींकडे बोट दाखवीन.

आता वाचकाचे पाहू. पहिली वीस-पंचवीस वर्षे ही पुस्तके कुणी वाचली? शेतकऱ्यासाठी म्हणून छापलेले पुस्तक प्रत्यक्षात मधल्या माणसाने वाचले: ग्रामसेवकाने, कृषी सहायकाने, कृषी सेवा केंद्राच्या काउंटरमागच्या दुकानदाराने, गावातल्या एखाद्या शिकलेल्या बागाईतदाराने. तो वाचायचा, आपल्या अकलेप्रमाणे गाळायचा आणि पारावर किंवा धुऱ्यावर उभा राहून सांगायचा. आकाशवाणीच्या अकोला केंद्रावरचे शेतीचे कार्यक्रम आणि दूरदर्शनवरचे ‘आमची माती, आमची माणसं’ हेही मधलेच. तिथे शास्त्रज्ञ बोलायचा आणि निवेदक त्याला शेतकऱ्याच्या वतीने सोपे करायला लावायचा. विद्यापीठाच्या मराठीला जे अवघडलेपण आले ते यातून आले असे माझे मत आहे. आपला शब्द कुणीतरी उलगडून सांगणारच आहे ही खात्री असली की लिहिणारा स्वतः उलगडत नाही.

याचे सर्वांत साधे उदाहरण हेक्टर. शास्त्रीय लेखनात माप हेक्टरी असते, म्हणून संवादिनीतही हेक्टरी. सोयाबीनचे बियाणे हेक्टरी 75 किलो, ही वर्षानुवर्षांची शिफारस. वऱ्हाडातला माणूस एकरात विचार करतो. बियाण्याची पिशवी 30 किलोची निघाली कारण ती एकराला पुरते. बीटी कपाशीचे पाकीट 450 ग्रॅमचे आले, तेही एकराच्या हिशेबाने. पाकीट विकणाऱ्याने वाचक ओळखला होता. पुस्तकवाल्याने अडीचने भागायचे काम वाचकावर सोडले, आणि तो भागाकार इतकी वर्षे कृषी सहायक करत होता म्हणून कुणाला खटकले नाही.

दुसरे उदाहरण इतके निरुपद्रवी नाही. कीडनाशकाची मात्रा 10 लिटर पाण्यात इतकी, असे सांगण्याची पद्धत हातपंपाच्या काळातली. पुढे पेट्रोलवर चालणारे पंप आले. ते एकराला पाणी कमी टाकतात, म्हणून एकरी औषध तेवढेच पडावे यासाठी पाण्यातली मात्रा तिप्पट करायची. ही सूचना तक्त्याखाली टीप म्हणून छापली जायची. टीप अचूक होती. पण मग बॅटरीचे पंप आले. बॅटरीचा पंप यातला कुठला? हातपंपाच्या जातीचा की पेट्रोलवाल्याच्या? तो पाठीवर घेणाऱ्या मजुराला हे विचारायला पुस्तक नव्हते आणि बहुतेकदा माणूसही नव्हता. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, हवा दमट, दोन-तीन औषधांची मिश्रणे, तोंडाला फडकेही नाही. कारणे अनेक होती आणि त्यांचा दोष एका टिपेवर टाकणे अन्यायाचे होईल. तरी छापील ओळ आणि पंप पाठीवर घेतलेला माणूस यांच्यात किती अंतर पडले होते ते त्या वर्षी उघडे पडले. मधला माणूस केव्हाच निघून गेला होता. त्याची जागा उधारीवर औषध देणाऱ्या दुकानाने घेतली होती, आणि दुकानाला स्वतःचा हिशेब असतो.

त्याच काळात वाचकही पुस्तकाच्या पुढे निघून गेला होता. कपाशीचेच घ्या. ‘पीकेव्ही हाय-2’ हा 1981 चा संकरित वाण. विद्यापीठाने शोधलेला आणि पुस्तकात छापलेला, दोन्ही बाजूंनी घरचा. 2002 मध्ये बीटीला परवानगी मिळाली आणि काही हंगामांत वऱ्हाडची पऱ्हाटी पाकिटांची झाली. हाय-2 चा बीटी अवतार अकोल्याच्याच महाबीज या बियाणे महामंडळाबरोबर आला तोवर शेतकऱ्याच्या तोंडी दुसरी नावे बसली होती. संवादिनीत कापसाचे प्रकरण होतेच, पण शेतकरी जे पेरत होता त्याची माहिती त्याला कंपनीच्या घडीपत्रिकेतून मिळत होती. पुढे तर 10 जून 2019 ला अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी परवानगी नसलेले तणनाशक-सहनशील कपाशीचे बियाणे जाहीरपणे पेरले. कायद्याने बंद असलेल्या बियाण्यावर विद्यापीठ काय छापणार? ते गप्प राहिले, आणि दुसरे काही करणे त्याला शक्यही नव्हते. शेतकऱ्याने मात्र त्या गप्प बसण्याचा अर्थ ‘यांना काही माहीत नाही’ असा घेतला.

उलट्या दिशेनेही एक आव्हान अमरावती जिल्ह्यातूनच उठले होते. बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर स्वतः कृषी पदवीधर, काही काळ ‘बळीराजा’ मासिकाच्या संपादनात. त्यांनी विद्यापीठांच्या खत-औषधांच्या शिफारशींवरच हल्ला चढवला, शून्य खर्चाच्या नैसर्गिक शेतीची पुस्तके स्वतः लिहिली, आणि शिबिरांतून ती देशभर पोचवली. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या सिद्धान्तांबद्दल शास्त्रज्ञांचे आक्षेप आहेत आणि त्यातले काही मला पटतात. पण प्रकाशक म्हणून त्यांच्याकडून शिकण्यासारखे होते. लेखक समोर बसलेल्या शेतकऱ्याशी बोलतो, त्याची भाषा धरतो, त्याला प्रश्न विचारू देतो, आणि पुस्तक त्या बोलण्याचा पुढचा भाग म्हणून हातात देतो. संवादिनीच्या नावात संवाद आहे. पाळेकरांच्या शिबिरात तो तासनतास चालायचा.

विद्यापीठाने या सगळ्याला कसे तोंड दिले हे पाहताना एक गोष्ट प्रथम मान्य करायला हवी. त्याने संवादिनी बंद केली नाही. कागदाचे दिवस संपले असे म्हणत ती केव्हाही गुंडाळता आली असती. ॲग्रोटेकच्या मांडवात विद्यापीठाच्या स्टॉलवर पुस्तके चाळणारी माणसे आजही दिसतात, आणि ट्रॅक्टरच्या सीटखाली दुमडून ठेवता येईल असे दुसरे काही अजून निघालेले नाही. वाढ झाली ती तिच्या बाजूने.

सर्वांत मोठा बदल हवामानाच्या सल्ल्याने घडवला, असे मला वाटते. भारतीय हवामान विभागाच्या ग्रामीण कृषी मौसम सेवेतून दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ला निघतो. अकोला हे त्याचे एक केंद्र. जी संस्था संवादिनीतून वर्षातून एकदा बोलायची तिला आठवड्यातून दोनदा बोलावे लागले. पुढच्या पाच दिवसांत पाऊस आहे, फवारणी थांबवा. उघाड आहे, डवरणी उरकून घ्या. या वाक्याला तीन हंगामांची तपासणी नाही आणि असूही शकत नाही. पण फवारणी कशाची, डवरणी केव्हा, हे त्यात संवादिनीतूनच येते. दोन वेगळ्या गतींचे ज्ञान एका वाक्यात बसवण्याची सवय शास्त्रज्ञांना या पत्रकांनी लावली, आणि त्यांची मराठी त्यामुळे सुधारली. आज्ञार्थी क्रियापद आले, वाक्य आखूड झाले. 2019 पासून हाच सल्ला ‘मेघदूत’ ॲपवरही मिळतो.

इंग्रजी बाजूला बदल वेगळा झाला. कपाटात धूळ खात पडणारे प्रबंध भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या ‘कृषिकोश’ या डिजिटल भांडारात येऊ लागले. अमरावतीच्या विद्यार्थ्याला अकोल्याचा जुना प्रबंध पाहायला आता एसटी पकडावी लागत नाही. शेतकऱ्याला याचा थेट उपयोग शून्य. तरी शिफारशीच्या ओळीमागचा प्रयोग कुणालाही तपासता येणे ही साधी गोष्ट नाही.

आणि मग व्हॉट्सॲप. इथे विद्यापीठाचा शब्द सर्वांत दूर गेला आणि सर्वांत बेवारसही झाला. संवादिनीच्या पानाचा फोटो कुणीतरी काढतो, तो वीस गटांत फिरतो, त्यावर ना वर्ष ना पानाचा क्रमांक. एन्डोसल्फान या कीटकनाशकाचे उदाहरण घ्या. सर्वोच्च न्यायालयाने मे 2011 मध्ये ते थांबवले. त्याआधीच्या शेतीपुस्तकांत ते सर्रास असायचे. कागदी पुस्तक जुने झाले की त्याचे जुनेपण दिसते: पाने पिवळी पडतात, मुखपृष्ठावर साल असते, नवे आले की जुने माळ्यावर जाते. फोटोला वय नसते. दरवर्षी नवी आवृत्ती काढणाऱ्या प्रकाशकासाठी ही खरी नवी अडचण आहे, कारण त्याचे सगळे शहाणपण ‘यंदाची’ या शब्दात आहे. औषधांच्या मान्यता बदलतात, वाण मागे पडतात, एखादी कीड औषधाला दाद देईनाशी होते. पानागणिक साल छापणे हा उपाय फुकट आहे. प्रत्येक तक्त्यात, फोटो कसाही कापला तरी राहील असे, मधोमध साल टाकायला हवे.

एक जागा अशी आहे जिथे छापील संवादिनी नेहमीच तोकडी पडत आली. विद्यापीठाचे कार्यक्षेत्र विदर्भाचे 11 जिल्हे: पूर्वेला गडचिरोलीचा धान, पश्चिमेला बुलढाण्याचे सोयाबीन, मधे संत्री आणि कापूस. एवढ्या मुलखासाठी एक पुस्तक म्हणजे सरासरी आली. आणि सरासरी मोडणारा प्रदेश नेमका अकोला-अमरावतीच्या दारात आहे: पूर्णेच्या दोन्ही काठांचा खारपाणपट्टा. जमिनीखालचे पाणी खारे, माती पाणी धरून चिकट होणारी, विहीर असून ओलीत नाही. तिथल्या माणसाला ‘ओलिताची सोय असल्यास’ हे शब्द थट्टेसारखे वाटतात. विद्यापीठाने या पट्ट्यावर पुष्कळ काम केले, शेततळ्यांवर आणि जमीन सुधारणेवर लिहिले, पण मुख्य पुस्तकात त्याला मिळायची ती थोडी पाने. फोनवर मात्र या पट्ट्यातल्या दर्यापूरच्या शेतकऱ्याला धानाचे प्रकरण वाचायची सक्ती नाही. 2025 मध्ये राज्याच्या कृषी खात्याने ‘महाविस्तार’ हे ॲप आणले. तिथे शेतकरी मराठीत प्रश्न विचारतो आणि यंत्र उत्तर देते. प्रश्न गावाचे नाव घेऊन येतो, तेव्हा उत्तरही गावाचे हवे. ते कुठून येणार? शेवटी कुणीतरी खाऱ्या मातीत तीन हंगाम करून पाहिलेल्या प्रयोगातूनच, म्हणजे पुन्हा त्याच कंटाळवाण्या बैठकीतून.

पुढच्या कामाबद्दल दोन सूचना या निमित्ताने नोंदवतो. संवादिनीत हेक्टरशेजारी एकराचा रकाना कायमचा असावा, आणि फवारणीच्या तक्त्यात मात्रा पंपाच्या प्रकारागणिक स्वतंत्र स्तंभांत छापाव्यात, टीप नको. दुसरी सूचना कृषी पत्रिकेच्या जुन्या अंकांविषयी. हाय-2 चे पहिले हंगाम, मिनी डाळमिलचे पहिले नमुने, सोयाबीन नवे होते तेव्हाच्या शंका, हे सारे त्या महिन्यांच्या अंकांत त्या-त्या वेळच्या भाषेत आहे. ते अंक साल पानावर ठळक ठेवून, आणि ज्या औषधांवर नंतर बंदी आली त्यांच्यावर तसा शेरा मारून, सर्वांना वाचता येतील असे एकत्र ठेवावेत. विद्यापीठाच्या ग्रंथालयाने आणि विस्तार शिक्षण विभागाने मिळून करण्याजोगे हे काम आहे, आणि अंक बांधणाऱ्या जुन्या कर्मचाऱ्यांना कुठला गठ्ठा कुठे आहे हे आठवते आहे तोवर ते सुरू व्हावे.